रोजचे मीठ निवडताना या चुका टाळा

रक्तदाब वाढल्याचे कळले की आपल्याकडे सर्वांत आधी मिठाचे पाकीट बदलून सैंधव आणले जाते. ठेचा, लोणचे, पापड आणि येसराची आमटी मात्र पूर्वीसारखीच चालू राहते. लातूर-परभणीकडच्या घरांत आहाराविषयी बोलताना ही घाई मला इतक्यांदा दिसते की आता तिचा कंटाळा आला आहे. सैंधवाचा गुलाबी रंग त्यातील लोहाच्या अंशामुळे येतो. बाकी तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते, आणि महाग आहे म्हणून ते चिमूटभर जास्त पडले तरी चालते, असे मुळीच नाही. शिवाय सैंधवात सहसा आयोडीन मिसळलेले नसते. उपवासाला सैंधव खुशाल वापरावे. पण आयोडीन देणारी समुद्राची मासळी आपल्या ताटात क्वचितच येते. त्यामुळे रोजचे मीठ आयोडीनयुक्तच असावे, विशेषतः घरात गर्भवती स्त्री किंवा लहान मुले असतील तर.

दुसरी चूक अधिक धोक्याची आहे. आमच्या नात्यातील एका काकांना मूत्रपिंडाचा विकार होता आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी चालू होती. मुलाने कमी सोडियमचे मीठ आणले, कोणालाही न विचारता स्वयंपाकात सुरू केले, आणि चव लागेना म्हणून काका ते भाजीवर वरूनही घेऊ लागले. काही दिवसांनी त्यांच्या पायांत त्राण राहीना. घरच्यांनी त्याचे खापर उन्हावर आणि वयावर फोडले. रक्ततपासणीत पोटॅशियम वाढलेले निघाले, तेव्हा डॉक्टरांनी जेवणाची खोदून चौकशी केली आणि ते पाकीट मागवून घेतले. अशा मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, ही गोष्ट पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली होती. निरोगी प्रौढांना या मिठाचा फायदा होऊ शकतो. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि टेल्मिसार्टनसारख्या, शरीरात पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

खडे मीठ जाड असते म्हणून सौम्य ठरत नाही. पादेलोणही सोडियमचेच असते. मिठाची बरणी शेगडीजवळ उघडी ठेवल्यास ओल आणि उष्णता लागून आयोडीन कमी होत जाते. भर मे महिन्यात शेतात राबणाऱ्याने मनानेच मीठ पूर्ण बंद करणे हाही शहाणपणा नव्हे.

प्रमाणाचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. मी पाकीट फोडताना त्यावर तारीख लिहिते. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या हिशेबाने चार प्रौढांच्या घरात १ किलो मीठ निदान ५० दिवस पुरले पाहिजे. बाहेरचे फरसाण आणि विकतचे लोणचे येत असेल, तर त्याहूनही जास्त दिवस. महिन्यातच तळ दिसत असेल, तर दुकानात दुसऱ्या रंगाचे मीठ शोधण्याआधी ताटाच्या कडेला वाढलेले मीठ बंद करावे आणि कणकेत मीठ घालणे सोडावे. भाकरीत तर आपण तसेही घालत नाही.