चिनी संस्कृतीची ओळख करून देणारा कोर्स आखताय? या चुका टाळा

कॉलेजातल्या ओपन इलेक्टिव्हला (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) बहुतेक ठिकाणी दोन क्रेडिट मिळतात. एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे कागदावर ३०. अंतर्गत परीक्षा, गॅदरिंग आणि सणांच्या सुट्ट्या वजा केल्या की हाती २६ तास उरले तरी पुष्कळ. कोर्स फसतो तो बहुधा इथेच: ३० तास धरून आखणी होते आणि तीत सगळा चीन कोंबला जातो. मग शेवटच्या चार तासांत, जिथे आजचा चीन यायला हवा, तिथे नुसत्या स्लाइड पळवल्या जातात.

आखणी २६ तासांचीच करा. प्रास्ताविक २, लिपी आणि उच्चार ५, कुटुंब आणि पंचांग ५, विचारपरंपरा ६, व्यापार आणि वस्तू ४, आजचा समाज ४. कागदावरचे उरलेले चार तास मोकळे ठेवा. ते आपोआप भरतात.

राजघराण्यांची आगगाडी

शांग, चौ, छिन, हान, थांग, सुंग, युआन, मिंग, छिंग. ही यादी पहिल्या आठवड्यात फळ्यावर गेली की विद्यार्थी ती पाठ करतात आणि कोर्स म्हणजे सनावळी असा त्यांचा पक्का समज होतो. यादी छापून द्या, पण तोंडपाठ करायला सांगू नका. सहा टप्पे लक्षात राहिले तरी पुरे: इसवी सन पूर्व २२१ (पहिलं एकीकरण), १९०५ (अधिकारी निवडणारी राजदरबारी परीक्षा बंद), १९१२ (प्रजासत्ताक), १९१९ (४ मेची विद्यार्थी चळवळ), १९४९ (कम्युनिस्ट राजवट) आणि १९७८ (आर्थिक सुधारणा). सहापैकी पाच विसाव्या शतकातले आहेत, आणि ते मुद्दाम. चीन म्हणजे काहीतरी प्राचीन, हा समज मोडायचा असेल तर सनांच्या निवडीपासूनच सुरुवात करावी लागते.

उच्चार इंग्रजीमार्गे आणणं

ही चूक सर्वांत महागात पडते, आणि ती टाळणं मराठी वर्गाला सर्वांत सोपं आहे.

१९५८ साली स्वीकारलेली पिनयिन ही चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत. तिच्यातला ‘बी’ इंग्रजी ‘बी’ नव्हे, तो आपल्या ‘प’सारखा. ‘पी’ म्हणजे ‘फ’, तोही ओठ मिटून. ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे जवळपास ‘त’ आणि ‘थ’, ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे ‘क’ आणि ‘ख’. अल्पप्राण-महाप्राण हा भेद इंग्रजी बोलणाऱ्याला महिनाभर घोकावा लागतो. आपल्या मुलांच्या तो बाराखडीतच आहे. म्हणून पिनयिनमध्ये ‘डाओ’सारखं दिसणारं नाव ऐकायला ‘ताओ’ असतं, आणि बीजिंगचा उच्चार ‘पेइ-चिंग’च्या जवळ जातो.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे मराठीतले दोन ‘च’. ‘चित्र’मधला तालव्य च म्हणजे पिनयिनचा ‘जे’. ‘चमचा’मधला दंततालव्य च म्हणजे पिनयिनचा ‘झेड’. लाओ-च आणि खुंग-च (कन्फ्यूशियस) ही नावं चमच्याच्या ‘च’ने म्हणा, बरोबर येतात. माओंच्या नावातलं ‘त्से’ हे त्याच ध्वनीचं जुनं लेखन. विद्यार्थ्यांना हे पहिल्याच तासाला सांगितलं की परक्या भाषेचं दडपण निम्म्याने उतरतं.

याच्याशी जोडलेली अडचण वाचनालयात उभी राहते. एकाच प्रवाशाचं नाव मराठी पुस्तकांत ह्युएन त्संग, युवान श्वांग, शुआनझांग अशा तीन-चार रूपांत सापडतं, आणि विद्यार्थ्याला ही वेगवेगळी माणसं वाटतात. उपाय एका पानाचा आहे. कोर्समध्ये येणाऱ्या पंचवीसएक नावांचा तक्ता करा: मराठीत रूढ रूप, पिनयिन, जवळचा उच्चार. लेखनात रूढ रूप चालू द्या, ‘बीजिंग’ बदलायची गरज नाही. फक्त आडनाव आधी येतं हे तक्त्याच्या डोक्यावर ठळक लिहा, नाहीतर उत्तरपत्रिकेत ‘श्री. जिनपिंग’ भेटतात.

सूर मात्र आपल्याकडे नाहीत. ‘मा’ चार सुरांत म्हटलं की आई, ताग, घोडा आणि रागावणं असे चार अर्थ होतात. हे ऐकवायचं, दोन-तीनदा म्हणून घ्यायचं आणि पुढे जायचं. हा भाषेचा वर्ग नाही. पाच तासांत संभाषण शिकवू पाहणारा कोर्स ना भाषा देतो ना संस्कृती.

‘चिनी अक्षर म्हणजे चित्र’

सूर्य, डोंगर, झाड ही तीन अक्षरं दाखवून सगळी लिपी चित्रांची आहे असं सांगितलं जातं. मुलांना ते आवडतं, पण ते चूक आहे. बहुसंख्य अक्षरं अर्थाचा एक भाग आणि उच्चाराचा एक भाग अशी जोडलेली असतात. ‘मा’ म्हणजे आई हे अक्षर घ्या: डावीकडे ‘स्त्री’, उजवीकडे ‘घोडा’. चित्राच्या नादाने वाचलं तर आई आणि घोडा यांचा संबंध शोधण्यात तास जातो. घोडा तिथे फक्त आवाजापुरता आहे, कारण घोड्यालाही ‘मा’च म्हणतात, सूर वेगळा. अशी आठ-दहा अक्षरं फोडायला दिली की लिपी कशी चालते ते मुलांना स्वतःच उमगतं.

ब्रशने लिहिण्याचा एक तास जरूर ठेवा. तो बिघडतो तो साहित्यामुळे. फाउंटन पेनची शाई पातळ असते, कागदावर फुटते. ड्रॉइंग इंक घ्या. महागड्या कागदाऐवजी जुनं वर्तमानपत्र पुरतं, स्तंभांच्या रेषा चौकटीचं काम करतात. जलरंगाचा ८ नंबरचा गोल ब्रश चालतो. ब्रश पेनसारखा तिरपा धरला की रेघ एका बाजूने फाटते, म्हणून तो कागदावर सरळ उभा हवा आणि मनगट टेबलावर टेकलेलं नको. ‘दहा’ हे अक्षर म्हणजे आडवी रेघ आणि तिला छेदणारी उभी रेघ. देवनागरीत शिरोरेषा शेवटी ओढायची सवय असल्याने आपली मुलं हमखास उभी रेघ आधी काढतात. इथे आडवी आधी. हा क्रम पहिल्या पाच मिनिटांत पक्का करून घ्या.

‘तीन धर्म’

कन्फ्यूशियस, ताओ आणि बौद्ध हे तीन वेगळे धर्म आणि प्रत्येकाचे वेगळे अनुयायी, ही मांडणी आपल्या जनगणनेच्या रकान्यातून येते. चिनी घरात हे तिन्ही एकत्र नांदू शकतात: पूर्वजांच्या नावाची पाटी, ताओ परंपरेतले देव, अंत्यविधीला बौद्ध मंत्रपठण. तीन व्याख्यानांऐवजी एका घरातलं वर्ष शिकवा. बौद्ध धर्मासाठी तर हाताशी थेट दुवा आहे. शुआनझांग इसवी सन ६२९ ते ६४५ या काळात प्रवासात होता, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या माणसांच्या स्वभावाबद्दल लिहून गेला. तेवढंच वर्णन वाचायला द्या. बाहेरून आलेला माणूस आपल्याला कसं पाहतो हे वाचल्यावर आपणही दुसऱ्याकडे जरा जपून पाहतो.

‘आपल्याकडेही असंच असतं!’

हे वाक्य वर्गात आलं की आनंद होतो, आणि चर्चा तिथेच थांबते. नियम करा: साम्य सांगणाऱ्याने फरकही सांगायचा.

पंचांग यासाठी उत्तम. चिनी पंचांगही चांद्र-सौर आहे, त्यातही अधिक मास येतो. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मध्य-शरद उत्सव असतो, चंद्र पाहायचा आणि मूनकेक खायचे. कोजागिरीच की! २०२५ मध्ये दोन्ही ६ ऑक्टोबरला आले. पण २०२४ मध्ये तो उत्सव १७ सप्टेंबरला होता आणि कोजागिरी १६ ऑक्टोबरला. असं का, हे मुलांनाच शोधू द्या. चिनी अधिक मास सायन (ऋतूंवर बेतलेल्या) गणिताने ठरतो, आपला निरयन (ताऱ्यांवर बेतलेल्या). दोहोंत साधारण २४ अंशांचा फरक आहे, म्हणून अधिक मास एकाच महिन्यात पडत नाहीत. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा आला, आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये. तोवर त्यांचे महिने एकाने मागे पडले आणि दोन पौर्णिमा जुळल्या. घरातलं कॅलेंडर घेऊन एका तासात हे होतं, आणि ‘सारखंच आहे’ या वाक्याच्या पुढे वर्ग जातो.

चायनीजची गाडी आणि चहा

मंचुरियन आणि चायनीज भेळ इथलीच. ती चीनची म्हणून खाऊ घालू नका, पण टिंगलही नको. भारतात आलेल्या चिनी माणसांचा इतिहास त्यात आहे. चव द्यायची तर चहाची द्या, शब्दही मूळ त्यांचाच. ४० जणांना प्रत्येकी ५० मिली म्हणजे दोन लिटर पाणी आणि साधारण ४० ग्रॅम हिरवा चहा. पाणी ८० अंशांच्या आसपास, पत्ती दोन मिनिटं. उकळतं पाणी ओतलं की चहा कडू होतो आणि मुलं कायमची नाक मुरडतात.

१९६२ आला की गप्प बसणं

तो विषय निघणारच. टाळलात तर शेवटच्या बाकावर तो सुरूच राहतो. एक पूर्ण तास द्या आणि सरकार, समाज, संस्कृती हे तीन शब्द फळ्यावर वेगवेगळे लिहा. प्रत्येक विधान कोणत्या रकान्यात जातं ते विद्यार्थ्यांनी ठरवायचं. युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या अनेक कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं, हेही याच तासाला सांगा.

उलट टोकाची चूक म्हणजे सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर सगळा तास भावनेत भिजवणं. त्यांचं काम सांगा, मग नाव वाचा: चिनीत ते ‘ख ती-हुआ’. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांत ‘हुआ’ आहे, आणि हुआ म्हणजे चीन. उच्चाराच्या तासांचा इथे उपयोग होतो.

आजच्या समाजासाठी काओखाओ, म्हणजे तिथली विद्यापीठ प्रवेश परीक्षा, घ्या. २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. नीट-जेईईतून गेलेल्या वर्गाला ताण समजावून सांगावा लागत नाही. प्रांतनिहाय जागा आणि १९०५ पर्यंतची राजदरबारी परीक्षा एवढंच जोडून द्या.

परीक्षा: ‘भारत व चीन यांची तुलना करा’

या प्रश्नाला कुठूनही उतरवलेली चार पानं येतात. त्याऐवजी वस्तू द्या. मुंबई-पुण्यात पारशी गारा साडी पाहायला मिळू शकते. चीनच्या व्यापारातून आलेलं हे भरतकाम. तिच्यावरचे बगळे, पिओनीची फुलं, ‘चीना-चीनी’ची नक्षी ओळखून प्रत्येकाबद्दल पाच ओळी लिहायच्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी कलावस्तूही आहेत. तिथे नेत असाल तर प्रत्येकाला एकच वस्तू वाटून द्या, सगळं दालन नको.

दुसरा प्रश्न भाषांतराचा, १० गुणांचा. थांग काळातल्या ली पाइची वीस अक्षरांची चंद्राची कविता घ्या आणि प्रत्येक अक्षराखाली एक मराठी शब्द छापून द्या. मूळात ‘मी’ नाही, काळ नाही. मराठीत उतरवताना ‘पाहतो’ लिहायचं की ‘पाहते’, हे मुलांना ठरवावंच लागतं. पाच गुण भाषांतराला, पाच गुण त्या एका क्रियापदाची निवड का केली हे सांगणाऱ्या अर्ध्या पानाला. अर्ध्या पानाचा मजकूर वर्गातच, हाताने लिहून घ्या.