कोरकू-गोंडी बोलणाऱ्या मुलांना मराठीतून शिकवताना या चुका टाळा

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, म्हणजे धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत जुलै महिन्यात पहिलीचा वर्ग पाहिला, तर निम्मी मुलं गप्प दिसतात. मधल्या सुट्टीत तीच मुलं कोरकूत अखंड बोलत असतात. गडचिरोलीत गोंडी-माडिया, यवतमाळकडे कोलामी, नंदुरबारच्या डोंगरात पावरी, असं हे चित्र जागोजागी दिसतं. वर्ग, पुस्तक आणि चाचणी मराठीत असते, मूल मात्र दुसऱ्याच भाषेत विचार करत असतं. मनापासून राबणाऱ्या शिक्षकांकडूनही इथे काही चुका पुन्हा पुन्हा होतात. खालची उदाहरणं बहुतेक मेळघाटातली आहेत, कारण तिथल्या शाळा मी जवळून पाहतो.

गप्प मुलाला ‘अप्रगत’ ठरवणं

नवी भाषा कानावर पडू लागली की मूल आधी बराच काळ नुसतं ऐकतं. हा काळ काही महिन्यांचाही असू शकतो. या काळात घेतलेली तोंडी चाचणी फक्त मराठी मोजते, पण शेरा मात्र मुलाच्या बुद्धीवर बसतो. त्याच्यासमोर बिया किंवा खडे ठेवा आणि अंगणवाडी सेविकेला किंवा चौथीतल्या मुलीला कोरकूत मोजायला सांगायला लावा. कोरकूत वीसपर्यंत नीट मोजणाऱ्या मुलाला संख्या कळलेली आहे. आता त्याला फक्त मराठी नावं द्यायची आहेत, आणि या कामाला वेळ कमी लागतो.

मात्र दुभाषी म्हणून रोज एकाच मुलीला उठवू नका. तिचाही अभ्यास बुडतो.

बोलता येतं म्हणजे कळतं, असं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण ती उशिरा लक्षात येते. दुसरी-तिसरीपर्यंत मूल ‘सर, पाणी प्यायला जाऊ?’, ‘याने माझी पेन्सिल घेतली’ असं सहज म्हणू लागतं. शिक्षकांना हायसं वाटतं आणि वर्गातली कोरकू बंद होते. मग चौथीत परिसर अभ्यासाच्या पुस्तकापुढे तेच मूल अडतं, आणि ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो.

जिम कमिन्स या अभ्यासकाने 1979 मध्ये हा फरक मांडला. रोजच्या व्यवहाराची भाषा साधारण दोन वर्षांत येते. पुस्तकाच्या भाषेत समवयस्क मुलांची बरोबरी करायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. पहिलीपासून मोजलं तर आपली प्राथमिक शाळाच संपते. म्हणजे दुसरीत मातृभाषेचा आधार काढून घेणं फार लवकर होतं.

हे वर्गात तपासता येतं. ‘टोपलीत 24 फळं होती. त्यांपैकी 9 विकली, तर किती उरली?’ हे उदाहरण द्या. मुलाने 24 आणि 9 ची बेरीज केली, तर लगेच वजाबाकी पुन्हा शिकवायला घेऊ नका. तेच उदाहरण आधी कोरकूत सांगून पाहा. उत्तर बरोबर आलं, तर अडचण ‘पैकी’ आणि ‘उरली’ या शब्दांत आहे. ‘प्रत्येकी’, ‘एकूण’, ‘च्या मानाने’, ‘त्यामुळे’ अशा शब्दांची यादी भिंतीवर लावा आणि एकेक शब्द वस्तू हातात देऊन शिकवा. चौथी-पाचवीतही धडा आधी कोरकूत चर्चून घ्या, मग मराठीत वाचा आणि लिहा. हा वेळ वाया जात नाही. एकदा कळलेली गोष्ट मूल दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकत नाही.

वाक्यागणिक भाषांतर करणं

एक वाक्य मराठीत, लगेच तेच कोरकूत, असं चाललं की मूल हुशारीने मराठी ऐकणंच सोडून देतं. थोड्या वेळात आपल्या भाषेत येणारच, हे त्याला ठाऊक असतं. त्यापेक्षा भाषांना वेगवेगळा वेळ द्या. आज गोष्ट पूर्ण कोरकूत सांगा, चित्रं काढू द्या. उद्या तीच चित्रं समोर ठेवून मराठीत सांगा. आशय ओळखीचा असल्यामुळे मराठी वाक्यं आपोआप उलगडत जातात.

‘आई आला’ला लाल शाई

कोरकूच्या व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग असा भेद नाही. सजीव आणि निर्जीव असा भेद आहे. शिवाय एकवचन-अनेकवचनासोबत द्विवचनही आहे. गोंडीत पुल्लिंग एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला, आणि स्त्रियांचे शब्द त्या दुसऱ्या गटात जातात. ‘आई आला’ किंवा ‘आई आलं’ असं म्हणणारं मूल निष्काळजी नसतं, स्वतःच्या भाषेचा नियम ते मराठीला लावत असतं. ‘हो, आई आली. कुठून आली?’ असं म्हणून संभाषण पुढे न्या, बरोबर रूप कानावर पडत राहू द्या. वहीत एका वेळी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करा.

आणि त्याला काय सोपं जातं तेही पाहा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक, जो हिंदी बोलणाऱ्याला समजवावा लागतो, तो कोरकूत आहेच.

सगळ्या आदिवासी भाषा एकच समजणं

कोरकू संतालीच्या कुळातली आहे. गोंडी आणि कोलामी द्राविडी, म्हणजे तेलुगूच्या नात्यातल्या. वारली आणि पावरी मराठी-गुजरातीच्या कुळातल्या. त्यामुळे पालघरात वारली मुलांसोबत चाललेली युक्ती धारणीत चालेलच असं नाही. मेळघाटातल्याच एका वर्गात कोरकू, गोंड आणि गवळी घरांतली मुलं शेजारी बसतात. कोणाच्या घरी काय बोलतात, याची नोंद जूनमध्येच करा. जातीच्या दाखल्यावरून भाषा ठरवू नका, विचारा.

पालकांना ‘घरी मराठीच बोला’ सांगणं

पालक सभेत हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. ज्या आईला मराठी तुटकच येते, ती मग मुलाशी कमी बोलते. गोष्टी थांबतात, जंगलातल्या झाडांची नावं थांबतात, ‘असं का?’ हे प्रश्नही थांबतात. वाचनाचा पाया याच बोलण्यावर उभा असतो. पालकांना उलट सांगा की कोरकूत भरपूर बोला. मराठीची जबाबदारी शाळेची आहे, ती आईवर टाकू नका.

छापील पुस्तकाची वाट पाहणं

कोरकू देवनागरीत लिहिता येते. मुलांनी सांगितलेली गोष्ट कागदावर उतरवा, चित्रं त्यांचीच घ्या, टाचणी मारा, वाचनाचं पुस्तक तयार. उच्चार गावातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. हे मोठ्या प्रमाणावरही होतं. ओडिशाने 2006-07 मध्ये 10 आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि पुढे ते 21 भाषांपर्यंत नेलं.

‘साहेब काय म्हणतील?’ या भीतीने थांबणं

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 29 मध्ये शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलेलं आहे. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावं असं सांगतं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, हे तर संविधानाच्या 350-क मध्येच आहे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे कोरकूचे तक्ते झाकू नका. कलम सांगा आणि मुलांच्या वह्या दाखवा.

बदली झाल्यावर सगळं सोबत जाणं

तुमची बदली होते आणि गोळा केलेली शब्दसूची, गोष्टींची पुस्तकं, भाषांची नोंद तुमच्यासोबत जाते किंवा हरवते. नवीन शिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. हे साहित्य शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत चढवा, एक प्रत केंद्रप्रमुखांकडे द्या आणि चार्ज देताना यादीत त्याचा स्पष्ट उल्लेख करा.