शिशिरातलं रान आणि कोरी वही

माघ सरत आला की डोंगर तपकिरी होतात. धबधबे आटलेले, वाटेवर घोटाभर धूळ, झाडांचे खराटे झालेले. फिरायला जाणारे बहुतेक लोक या दिवसांत रानाकडे पाठ फिरवतात. लिहिणाऱ्याने, चितारणाऱ्याने किंवा नवी चाल शोधणाऱ्याने मात्र नेमकं तेव्हाच जावं. श्रावणात सगळं हिरवं एकमेकांत मिसळलेलं असतं, काय बघायचं ते कळत नाही. पानगळ झाली की फांदीचा बाक, ढोली, जुनं घरटं, सालीवरच्या भेगा असं सगळं सुटं सुटं दिसायला लागतं. त्यात सावर, पळस, पांगारा, सोनसावर ही मंडळी ऐन निष्पर्ण अवस्थेत फुलावर येतात.

ठिकाण निवडताना नावापेक्षा रानाचा प्रकार बघा. भीमाशंकर किंवा आंबोलीचं माथ्यावरचं रान सदाहरित, तिथे शिशिर फारसा दिसत नाही. पानझडी रान हवं: कर्नाळा, येऊर, ताम्हिणीचे खालचे उतार, विदर्भात नागझिरा किंवा मेळघाट. त्याहून बरं म्हणजे घरापासून तासाभरावरचं गावालगतचं रान, कारण तिथे पुन्हा जाता येतं, आणि या कामात दुसरी फेरी पहिलीपेक्षा जास्त देते. अभयारण्यात जायचं तर प्रवेशाच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. गावच्या रानात जायचं तर वाटेत भेटेल त्याला सांगून जा. त्याच माणसाला झाडाचं नावही विचारा: “मामा, ह्याला तुमच्याकडं काय म्हणतात?” कांडोळाला कुणी ‘भुत्या’ म्हणतं. पांढरट, नागडं खोड चांदण्यात कसं दिसत असेल ते त्या एका शब्दातच आलं.

पश्चिम महाराष्ट्रात फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासात ते साडेनऊ ही कामाची वेळ. उजेड तिरपा असतो, सालीवरची भेग न भेग सावली टाकते आणि पक्षी बोलके असतात. दहानंतर उजेड सपाट पडतो, ऊन चढतं, पाखरं गप्प होतात. अकराला निघून “रानात काहीच नव्हतं” म्हणत परत येणारे पुष्कळ.

सामान कमी ठेवा. हाताच्या पंजाएवढी, जाड पुठ्ठ्याची वही, एक एचबी आणि एक टूबी पेन्सिल, रंगवणाऱ्यांनी सहा वड्यांची जलरंगाची डबी आणि पाणी भरायचा ब्रश. खोडरबर घरी ठेवा, नाहीतर अर्धा वेळ खोडण्यात जातो. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग मिळालं तर जरूर घ्या. माणशी दोन लिटर पाणी. कपडे मातकट, बाह्या लांब. साधे मोजे घालू नका. वाळलेल्या गवताची कुसळं त्यांत शिरतात आणि मग सगळं लक्ष पायाकडे राहतं. पोटरीपर्यंतची कापडी पट्टी किंवा गेटर हा त्यावरचा उपाय. दोघांपेक्षा जास्त जण नकोत, पण एकट्यानेही अनोळखी रानात जाऊ नये. फोन विमान मोडवर टाका आणि एक नियम पाळा: ज्या गोष्टीचं पाच मिनिटं चित्र किंवा टिपण केलं, तिचाच फोटो काढायचा. आधी फोटो काढला की डोळा समजतो, काम झालं.

आता चालणं. तासाला एक किलोमीटर पुरे. पन्नास पावलं चालायचं आणि थांबायचं. सागाचा पाचोळा पापडासारखा मोडतो आणि तो आवाज अर्ध्या रानाला जातो, म्हणून खरं काम बसल्यावर होतं. एका झाडाला पाठ टेकून वीस मिनिटं बसा. पहिली पाच-सात मिनिटं काहीही घडत नाही आणि बरेचजण तेवढ्यातच उठतात. त्यानंतर रान तुम्हाला विसरायला लागतं. आधी सातभाई पक्षी परततात, पाचोळा उलटापालटा करत, एकमेकांवर खेकसत. मग डोळे मिटून नुसती सळसळ ओळखायचा प्रयत्न करा. सरडा पळतो, थबकतो, पळतो. रानकोंबडी दोन-तीनदा उकरते आणि कानोसा घेते. साप गेला तर आवाज एकसलग, ओढल्यासारखा येतो. या तीन लयी कागदावर नुसत्या रेघा आणि टिंबांनी उतरवा. कवितेच्या ओळी कुठे तोडायच्या हे ठरवायला असल्या टिपणाचा फार उपयोग होतो.

लयीचंच बघायचं तर तांबट ऐका. या दिवसांत त्याचं टुक् टुक् जोरात सुरू होतं. घड्याळ लावून मोजा, मिनिटाला शंभरावर ठोके भरतील. आवाज एकदा इकडून, एकदा तिकडून आल्यासारखा वाटतो, कारण पक्षी डोकं फिरवत ओरडत असतो. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची पुण्याची तांबट आळी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे नाव का पडलं ते सांगावं लागणार नाही. तबल्यावर हात असलेल्याने तो ठेका घरी नेऊन बघावा.

वहीचं डावं पान तारीख, वेळ, जागा आणि आभाळ यांना द्या. उजव्या पानावर रंग, आवाज, वास, हालचाल अशा चार ओळी. ‘सुंदर’, ‘निसर्गरम्य’, ‘मनमोहक’ हे शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत. त्यांच्या जागी आकडा लिहा किंवा स्वयंपाकघरातली उपमा. कुसुंबाची कोवळी पालवी ‘लाल’ लिहिलीत तर महिन्याभराने ते टिपण मेलेलं असेल. ‘उन्हासमोर धरलेल्या कोकमाच्या आगळासारखी’ लिहिलंत तर रंगासोबत आरपार जाणारा उजेडही टिकतो. मात्र ही पालवी सूर्याच्या बाजूने बघू नका. झाड तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये यायला हवं.

पहिल्या फेरीला एकच झाड घ्या, शक्यतो फुललेली काटेसावर. लांबून ती लाल ठिपक्यांचा गुच्छ दिसते, पण तिच्याखाली पोचलात की थप् असा ओला आवाज येतो. ते पडलेलं फूल. उचलून बघा (अभयारण्याबाहेर असाल तर): पाकळ्या पाच, जाड, मांसल, तळव्यापेक्षा मोठं फूल, पुंकेसर जुडग्याजुडग्यांनी बांधलेले. मग घड्याळ लावा आणि दहा मिनिटांत झाडावर कोण कोण आलं ते फक्त खुणांनी नोंदवा: मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, हळद्या, कावळा, खार. कोण चोच घालतो, कोण दुसऱ्याला हाकलतो, कोण नुसता बसून असतो. गोष्ट लिहिणाऱ्याला यात चार-पाच पात्रं आयती मिळतात. बुंध्यावरचे शंकूसारखे काटेही बघा. कोवळ्या झाडावर ते दाट असतात, म्हाताऱ्या खोडावर खालून झडत जातात.

पळस तर म्हणीत जाऊन बसलेलं झाड. ‘पळसाला पाने तीनच’ खरंच का ते झाडाखाली तपासा. तीन पर्णिकांपैकी मधली मोठी आणि रुंद, बाजूच्या दोन तिरप्या, आणि फुलं येतात तेव्हा झाडावर बहुधा एकही नसते. कळी गर्द तपकिरी, जवळजवळ काळ्या मखमलीची. तिच्यातून शेंदरी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकून बाहेर येते, म्हणून संस्कृतात किंशुक: ‘हा पोपट तर नव्हे?’ पाकळीच्या बाहेरच्या अंगावर चंदेरी लव असते. भिंगातून ती दिसली की कोरा शेंदरी रंग का खोटा वाटतो ते कळतं. रंगवताना कळीला काळा रंग लावू नका, ती छिद्रासारखी दिसेल. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळा.

रेघेचा सराव करायचा तर मुरुडशेंग शोधा. मळसूत्रासारख्या पिळलेल्या शेंगा वाळून काळपट होतात आणि झुडपावर लटकत राहतात. हात न उचलता एका रेघेत काढायच्या. पहिल्या चार हमखास दोरीसारख्या दिसतात, पाचवीपासून पीळ जमतो.

सालीचा ठसा हा आणखी एक सोपा प्रकार. पातळ कागद (साधा टाइपिंगचा चालतो, ड्रॉइंगचा जाड कागद ठसा घेत नाही) सुतळीने खोडाला बांधा आणि मेणखडू आडवा धरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. सागाच्या उथळ उभ्या भेगा छान उठतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची, खोल भेगांची असते. तिथे जोर दिला की कागद फाटतो. कांडोळ गुळगुळीत असल्याने त्याच्यावर काहीच उमटत नाही, ते खोड रंगवायलाच बरं.

काही गोष्टींपासून मात्र हात लांब ठेवा. खाजकुयलीच्या सोनेरी-तपकिरी मखमली शेंगा याच दिवसांत वाळतात आणि हात लावावा अशाच दिसतात. त्यांची लव अंगाला लागली तर चोळू नका, खाजवू नका. चिकटपट्टी दाबून उचला, मग धुवा. सावरीच्या उंच आडव्या फांद्यांना आग्या मोहोळ लटकलेलं असतं, म्हणून बसायच्या आधी वर बघा. अत्तर लावून जाऊ नका. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळत सुटायचं, हात झाडायचे नाहीत. पाचोळ्यात घोणस दिसत नाही, तेव्हा नजर पोचत नाही तिथे पाऊल किंवा हात टाकू नका. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला आणि गोव्यात सत्तरीत गोचिडांमुळे माकडताप पसरतो आणि त्याचा हंगाम हाच. तिथे पाचोळ्यावर बसूच नका आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. काडी, विडी, चहाची चूल यांतलं काहीही नको, एका ठिणगीला वणव्याचे दिवस आहेत. अभयारण्यातून गळलेलं पीसही उचलता येत नाही, आणि देवराईतून पान न नेण्याची रीत कायद्याहून जुनी आहे.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी वही उघडा. एक रात्र गेली की टिपणातली अर्धी अक्षरं परकी होतात. तीन नोंदी निवडा आणि प्रत्येकीपुढे एक ‘का’ लिहा. ज्या ‘का’चं उत्तर लगेच सुचत नाही, तिथे विषय आहे. उदाहरणार्थ, सावर पानं टाकूनच का फुलते? पानांचा आडोसा नसल्याने फुलं पाखरांना लांबून दिसतात, आणि पुढे बोंडं फुटून कापूस उडतो तो उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यावर, पावसाच्या आधी. या उत्तरात एका कवितेपुरता किंवा भरतकामाच्या एका पट्टीपुरता ऐवज सहज आहे. वीस ओळी लिहा किंवा तीन छोटी चित्रं करा, त्याहून जास्त पहिल्या दिवशी नको.

आठ-दहा दिवसांनी त्याच झाडाखाली, त्याच वेळी पुन्हा जा. जुनी नोंद जाईपर्यंत वाचायची नाही, झाडाखाली बसल्यावर वाचायची. खाली फुलं कमी झालेली असतील, वर हिरवी बोंडं धरायला लागलेली असतील, आणि पहिल्या दिवशी भांडणाऱ्या मैना बहुधा दुसऱ्या झाडावर गेलेल्या असतील.