फिफ्थ व्हीलला स्टॅबिलायझर बसवताय? या चुका टाळा

स्टॅबिलायझर म्हणजे उभ्या ट्रेलरचा हेलकावा थांबवणारे पाय, ट्रेलर उचलायचा जॅक नव्हे. अमेरिकेत नवा फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडून ओढायचा राहता ट्रेलर) घेतलेल्या आपल्या मंडळींना हे दर उन्हाळ्यात सांगावं लागतं, आणि तरी कुणीतरी मागचे दोन सिझर जॅक (कात्रीसारखे उघडणारे स्टॅबिलायझर) करकचून पिळत ट्रेलर लेव्हल करत असतंच. का, तर जॅकवर ५,००० पौंड छापलंय! अहो, तो आकडा जॅकच्या ताकदीचा आहे, तुमच्या फ्रेमच्या नव्हे. मागचा एक कोपरा उचलला की फ्रेमला पीळ बसतो, दार चौकटीत अडकायला लागतं, स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) तिरका सरकून रबराचं सील खरवडतो. मग लोक दाराच्या बिजागरीला तेल घालत बसतात.

पिकअपला जोडलेला असतानाच डावी-उजवी बाजू चाकांखाली फळ्या घालून समतल करा, चाकांना ठोकळे लावा, मग किंगपिन (ट्रेलरचा पिकअपमध्ये अडकणारा खुंटा) सोडवून पुढच्या लँडिंग गिअरवर, म्हणजे पुढच्या उभ्या पायांवर, पुढची-मागची पातळी बघा. स्टॅबिलायझर त्यानंतर. पाय जमिनीला टेकल्यावर फार तर अर्धा फेरा, बस्स. मी ड्रिलने पाय खाली आणतो, पण शेवटचा फेरा हातानेच देतो. किती ताण आला ते ड्रिलला कळत नाही.

आता बसवण्याबद्दल. जॅकच्या पाकिटातले सेल्फ टॅपिंग (स्वतःच आटे पाडत घुसणारे) स्क्रू दिसले की उतावळ्यांचे हात शिवशिवतात. टेक्सासमधल्या एका आरव्ही (राहत्या गाड्यांच्या) पार्कात आमच्या शेजारच्या गृहस्थांनी दोन्ही जॅक तासाभरात बसवले आणि आम्हाला कौतुकाने दाखवलेही. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या जॅकच्या पायाशी डबकं. पाऊस नव्हता. एसीचं पाणी असेल म्हणाले, पण एसीच्या पाण्याला भांड्यांच्या साबणाचा वास येत नाही. ट्रेलरच्या तळाचा काळा कोरोप्लास्ट (प्लास्टिकचा पत्रा) कापला तेव्हा दिसलं की पाकिटातल्यापेक्षा लांब स्क्रू ‘मजबुतीसाठी’ वापरला होता. तो फ्रेम ओलांडून थेट ग्रे टँकमध्ये (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीत) घुसला होता. वर त्याने मागच्या दिव्यांची वायरही चाटली होती. टाकी रिकामी करून, वाळवून, भोक बुजवण्यात त्यांची सुट्टी संपली.

म्हणून भोक पाडण्याआधी कोरोप्लास्टची कड सोडून टॉर्च लावून आत बघायचंच. टाकी कुठे, वायर कुठून, गॅसची नळी कुठून, हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायचं नाही. ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करायची. फ्रेमच्या आय-बीमच्या (I आकाराच्या तुळईच्या) खालच्या पट्टीला मनाला येईल तिथे भोकं पाडू नका, भार तिच्यावरही असतो. फ्रेम बनवणाऱ्याच्या सूचना आधी वाचा. वेल्डिंग करून घेणार असाल तर बॅटरी सोडवा आणि वेल्डिंगवाल्याला जवळच्या वायरी आधी दाखवा.

मागचा चौकोनी बंपर जॅकसाठी नाही. पोकळ, पातळ पत्र्याचा आहे तो. सांडपाण्याचा पाइप ठेवायला ठीक.

जॅक अगदी शेपटाला लावाल तर पेट्रोल पंपाच्या चढावर घासेल. भर उन्हात डांबरावर पाय रुततो, खाली फळी घाला.

एवढं करूनही पुढे-मागे हेलकावा राहिला तर जॅक आणखी पिळू नका. दोन चाकांच्या मध्ये बसणारे एक्स-चॉक लावा आणि किंगपिनखाली तिपाई.

फ्रेमपासून जॅकच्या पायापर्यंत जाणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या तिरक्या नळ्या बसवल्या असतील तर निघताना त्या आवळणाऱ्या टी-मुठी सैल केल्याशिवाय इलेक्ट्रिक जॅकचं बटण दाबू नका. मी बटणाच्या झाकणाला लाल फीत बांधून ठेवतो, मुठी सोडल्यावरच ती काढायची. वाकलेली नळी ठोकून सरळ केली तरी दुसऱ्या नळीत नीट सरकत नाही. नवीच घ्यावी लागते.