मनातली अर्धमॅरेथॉन रोजच्या वेळापत्रकात कशी बसवायची

‘फिट व्हायचंय’ हे स्वप्न कामाचं नाही, कारण ते पूर्ण झालं की नाही हे कधीच कळत नाही. ‘जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनमध्ये 21.097 किलोमीटर पळायचे’ हे चालेल. यात तारीख आहे, अंतर आहे. पुढे हेच उदाहरण धरलं आहे. तुमच्या डोक्यात एमपीएससी असो की पोळीभाजी केंद्र, हिशेब याच पद्धतीने मांडा.

हिशेब शेवटाकडून सुरू करायचा. ऑगस्टच्या सुरुवातीपासून मोजलं तर हातात साधारण 24 आठवडे येतात. शेवटचे 2 शरीराला विसावा द्यायला ठेवा, उरले 22. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करायचं, म्हणजे आणखी 5 गेले. राहिले 17. रविवारची लांब धाव 5 किलोमीटरपासून आठवड्याला एकेक किलोमीटर वाढवत 18 पर्यंत न्यायला 14 आठवडे लागतात. उरलेले 3 आठवडे गणपती, दिवाळी आणि तापाचे. हे 3 आधीच बाजूला काढले नाहीत, तर पहिल्याच सणाला वेळापत्रक कोलमडतं आणि मग कागदाकडे बघावंसंही वाटत नाही. आज सलग 5 किलोमीटर जमत नसतील तर ऑगस्टच्या दोन-तीन महिने आधीपासून थोडं चालणं, थोडं पळणं असं सुरू करा. गुडघ्याचं किंवा हृदयाचं काही दुखणं असेल तर आधी डॉक्टर.

आता रोजचं. रविवारखेरीज मंगळवारी आणि गुरुवारी 30 ते 40 मिनिटं, शनिवारी हलकी 20. बाकी तीन दिवस पळायचं नाही. उद्दिष्ट नेहमी आपल्या हातातल्या कृतीचं असावं. ‘महिन्यात 3 किलो कमी’ हे हातात नाही, ‘मंगळवारी 30 मिनिटं’ आहे.

मुंबईत खरी अडचण वेळेची. डोंबिवली-कल्याणहून कामाला येणाऱ्याने संध्याकाळी साडेसातची वेळ ठरवली तर ती वेळ गाडी ठरवते, तो नाही. म्हणून सवय घरून निघण्याआधी ठेवा, आणि घड्याळाला न बांधता रोज हमखास होणाऱ्या कामाला बांधा: ‘दूध तापवून गॅस बंद केला की बूट घालायचे.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करायचं’ अशा आखणीवर बरंच संशोधन केलं आहे; नुसत्या इराद्यापेक्षा ती जास्त पार पडते. अभ्यासाची सवय असेल तर वाचन गाडीत बसायला मिळणार असेल तरच धरा. उभ्याने, कोपराला कोपर लागत, फार तर ऐकणं होतं.

पावसासाठी वेगळी ओळ आधीच लिहून ठेवा: ‘जोराचा पाऊस असेल तर इमारतीच्या जिन्यावर 10 मिनिटं चढ-उतार.’ ओल्या फरशीवर नाही, कोरड्या जिन्यावर. दहा मिनिटांनी दम फारसा वाढत नाही, पण बूट घालण्याचा क्रम तुटत नाही, आणि सुरुवातीला तोच जपायचा असतो.

सवय 21 दिवसांत लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सरासरी 66 दिवस आले, आणि माणसामाणसात फरक 18 ते 254 दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. लागोपाठ दोन ठरलेले दिवस मात्र सुटू देऊ नका.

नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरच करा, जिथे दुधाचे खाडे लिहिता तिथेच. पळालात तर फुली, जिना केलात तर टिंब. ॲप चालेल, पण ते उघडायला फोन हातात घेतला की सकाळची वीस मिनिटं तिथेच जातात.

रविवारी रात्री दहा मिनिटं फुल्या मोजा. दोन आठवड्यांतल्या आठ दिवसांपैकी पाच किंवा जास्त असतील तर तसंच चालू द्या. त्याहून कमी असतील तर स्वतःला रागावण्यात वेळ घालवू नका. मधल्या दिवसांची मिनिटं निम्मी करा, दोन आठवडे तशीच ठेवा, मग पुन्हा वाढवा. रविवारचं अंतर तोवर आहे तिथेच थांबवायचं. हे थांबणं त्या 3 राखीव आठवड्यांतून वजा होतं. राखीव संपले तर यंदा 10 किलोमीटरच्या शर्यतीत नाव घाला. नोंदणी बऱ्याच आधी भरते, तेव्हा त्या तारखाही कालनिर्णयवर टाका.