अडखळत वाचणाऱ्या मुलाला वाचतं कसं करावं

चौथीतल्या मुलाला धडा वाचता आला नाही की बहुतेक वेळा त्याला तोच धडा पुन्हा वाचायला बसवलं जातं. त्याने मूल फक्त घाबरतं. ते नेमकं कुठे अडतंय हे शोधायचं आणि शिकवायला तिथूनच सुरुवात करायची, मग इयत्ता कोणतीही असो.

आधी चाचपणी. मुलाला एकट्याला जवळ बसवा, वर्गासमोर मुळीच नको. सुटी अक्षरं, मग बिनमात्रांचे शब्द, मग काना-मात्रांचे, शेवटी चार ओळींचा सोपा उतारा. अक्षरं क्रम मोडून दाखवा. बाराखडी तोंडपाठ असलेली कितीतरी मुलं नुसता 'कू' समोर ठेवला की मनातल्या मनात क, का, कि, की म्हणत तिथवर पोहोचतात. त्याला वाचन म्हणता येत नाही.

चुका जशाच्या तशा टिपून ठेवा, कारण पुढचा सगळा रस्ता त्याच दाखवतात. 'घर'चं 'धर' झालं तर अक्षरांच्या आकारात गोंधळ आहे. 'किरण'चं 'करण' झालं तर वेलांटी निसटते आहे. 'मगर' पाहून मूल 'माकड' म्हणालं तर ते पहिल्या अक्षरावरून अंदाज ठोकतंय. या तिघांना एकच उपाय चालणार नाही.

आता तसाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या वाचन-संशोधकांनी 1986 मध्ये मांडलं की वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्याने एक बाजू शून्य असली की उत्तरही शून्यच. ऐकून नीट उत्तरं देणाऱ्या मुलाला अक्षरांवर मेहनत हवी. ऐकूनही अर्थ न लागणाऱ्याला गोष्टी, गप्पा आणि नवे शब्द भरपूर हवेत.

अक्षरांचं काम कानापासून सुरू करा. 'टोपी'तला 'टो' काढला तर काय उरलं? 'कमळ'चा पहिला आवाज कोणता? हे जमू लागलं की मोजकीच अक्षरं घ्या, पण लगेच शब्द बनतील अशी: क, न, म, ग, र आणि सोबत काना. एवढ्यात कान, नाक, राग, गार, नगर, कमान असे कितीतरी शब्द होतात आणि मुलाला त्याच दिवशी खरं काहीतरी वाचल्याचा आनंद मिळतो. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. पहिलं पक्कं झालं की दुसरं. ऱ्हस्व वेलांटीला जास्त वेळ द्या, कारण ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि तिचा उच्चार मात्र नंतर येतो. जोडाक्षरं आणि रफार सर्वांत शेवटी.

मूल अडलं की चटकन शब्द सांगून टाकायचा मोह आवरा. थोडं थांबा. मग उरलेला शब्द बोटाने झाकून एकेक अक्षर उघडत न्या आणि शेवटी पूर्ण शब्द सलग म्हणायला लावा. 'चित्र बघून ओळख' असं सांगू नका. अंदाजाची सवय लागली की ती सोडवताना फार जड जातं.

शब्द वाचता आले तरी वाचन तुटक राहतं. तेव्हा छोटा उतारा ओघ येईपर्यंत तीन-चारदा वाचून घ्या. संशोधक एस. जे सॅम्युअल्स यांनी 1979 मध्ये मांडलेली ही पुनर्वाचनाची पद्धत साधी आहे आणि मुलाला स्वतःची प्रगती स्वतःच्या कानांनी ऐकू येते. धडा मुळातच झेपत नसताना मात्र ती वापरू नका.

मोठ्या मुलांना बालगोष्टी दिल्या की त्यांना लाज वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. त्यांना आवडत्या विषयावर बोलू द्या, त्यांचीच तीन-चार वाक्यं लिहून काढा आणि तीच वाचायला द्या. रोज वीस मिनिटं मिळाली तरी आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा ती बरी.

डोळे आणि कान तपासायला पालकांना सुरुवातीलाच सांगा. काही महिने नेटाने शिकवूनही अक्षरं टिकत नसतील तर डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं आणि शब्द वाचण्यातल्या मूळच्या अडचणीची, तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्या. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही, हे पालकांना आणि मुलालाही स्पष्ट शब्दांत सांगा. तपासणीचा निकाल येईपर्यंत शिकवणं थांबवू नका.