कुशिंग ओळखताना या चुका टाळा

शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक (हार्मोन) दीर्घकाळ जास्त राहिलं की कुशिंग सिंड्रोम होतो. आजार दुर्मिळ आहे, पण त्याच्या निदानाला सरासरी तीनेक वर्षं लागतात. त्यातली बरीचशी वर्षं त्याच त्या चुकांत जातात. ओपीडीत त्या पुन्हा पुन्हा पाहून मला अतिशय वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

नुसत्या वजनाकडे बघणं

पोट सुटणं, चेहरा गोल होणं, बीपी, साखर, अनियमित पाळी ही लक्षणं कुशिंग नसलेल्या असंख्य लोकांत असतात. इंटरनेटवरचा फोटो बघून घाबरून आलेले बहुतेक जण निर्धास्त होऊन घरी जातात. ज्यांना खरोखर आजार असतो तेही वजनाचंच बोलतात. त्वचेबद्दल मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

जास्तीचं कॉर्टिसोल शरीरातली प्रथिनं मोडतं. त्वचा पातळ होते, जरा कुठे लागलं तरी काळंनिळं पडतं. पोटावर आणि मांड्यांवर एक सेंटिमीटरहून रुंद, जांभळट पट्टे उठतात. बाळंतपणानंतरचे फिकट, अरुंद पट्टे वेगळे. पोट वाढत असताना हातपाय मात्र बारीक होत जातात. जिना चढताना दम लागतो अशी तक्रार असते, पण नीट विचारलं तर श्वास ठीक असतो, मांड्याच साथ देत नसतात. म्हणून मी प्रत्येकाला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगते आणि तीन-चार वर्षांपूर्वीचे फोटो मागते. रोज आरशात बघणाऱ्याला स्वतःतला बदल कळत नाही. या आजाराला ज्यांचं नाव मिळालं त्या सर्जन हार्वे कुशिंग यांनी १९१२ साली आपल्या रुग्णाचं वर्णन केलं तेव्हा कॉर्टिसोल मोजायची सोयच नव्हती. त्यांनी माणूस नीट पाहिला होता.

मुलांमध्ये खूण वेगळी असते: वजन वाढतं आणि उंची थांबते. साध्या लठ्ठपणात उंची सहसा अशी अडत नाही.

स्टिरॉइडबद्दल अर्धवट विचारणं

कुशिंगचं सर्वांत मोठं कारण बाहेरून घेतलेलं, कॉर्टिसोलसारखं काम करणारं स्टिरॉइड हेच आहे. "गोळ्या चालू आहेत का?" एवढा प्रश्न पुरत नाही. लावायचं क्रीम, इनहेलर, सांध्यातलं इंजेक्शन, नाव नसलेली पुडी हे सगळं एकेक करून विचारावं लागतं. अशा रुग्णाच्या रक्तातलं कॉर्टिसोल बऱ्याचदा कमी येतं आणि वाचणारा गोंधळतो. कारण कळल्यावर स्टिरॉइड एका दिवसात बंद करू नका. कॉर्टिसोल बनवणारी, मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथी तोवर सुस्तावलेली असते. उलट्या होतात, बीपी कोसळतं, जीवही जाऊ शकतो. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू उतरवायचा.

सकाळचं कॉर्टिसोल करून मोकळं होणं

या चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो. कॉर्टिसोल निरोगी माणसातही सकाळी भरपूर असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. कुशिंगमध्ये आधी बिघडतं ते हे रात्रीचं उतरणं. सकाळचा आकडा नॉर्मल असूनही आजार असू शकतो.

चाळिशीतल्या एक बाई जाडजूड फाइल घेऊन आल्या होत्या. सकाळचं कॉर्टिसोल अनेकदा केलेलं, दर वेळी मर्यादेत, आणि त्याच कागदाच्या जोरावर "वजन कमी करा" हा सल्ला. दरम्यान बीपीच्या गोळ्या वाढत गेल्या होत्या आणि नुसत्या खोकल्याने बरगडीला तडा गेला होता. पर्सचा पट्टा अडकवायच्या जागी हातावर काळेनिळे डाग होते. खुर्चीतून उठताना त्यांनी दोन्ही हात टेकले. आम्ही दोन रात्री झोपायच्या वेळच्या लाळेतलं कॉर्टिसोल तपासलं. मग रात्री अकराला एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (निरोगी शरीरातलं कॉर्टिसोल दाबणारं स्टिरॉइड) देऊन सकाळी आठला रक्त घेतलं. कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली यायला हवं होतं. ते आलं नाही. एसीटीएच (मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं, ॲड्रिनलला कॉर्टिसोल बनवायला लावणारं संप्रेरक) कमी निघालं, सीटीत एका ॲड्रिनलवर गाठ दिसली. शस्त्रक्रिया झाली. दुसरी ग्रंथी जागी होईपर्यंत हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसोल, द्यावं लागलं आणि मांड्यांत ताकद यायला बरेच महिने गेले. हाडांचं जे नुकसान झालं ते टाळता आलं असतं.

आधी एमआरआय

लवकर उत्तर हवं म्हणून लोक थेट मेंदूचा एमआरआय करून येतात. साधारण दहात एका निरोगी माणसाच्या पिट्युटरीतही छोटी, निरुपद्रवी गाठ असू शकते. आधी कॉर्टिसोल जास्त आहे हे दोन वेगळ्या तपासण्यांनी सिद्ध करा, मग एसीटीएच, मग स्कॅन. या क्रमात घाई करून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

तपासणीआधी आणखी काही गोष्टी सांभाळा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे डेक्सामेथासोनचा निकाल खोटा वाढतो. डॉक्टरांना विचारून त्या सुमारे सहा आठवडे आधी थांबवाव्या लागतात. फेनिटोइन, कार्बामाझेपिन ही फिट्सची औषधं घेत असाल तर सांगा. रात्रपाळी असेल तर मध्यरात्रीच्या लाळेवर विसंबू नका. २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसोल मोजायचं असेल तर सकाळची पहिली लघवी टाकून द्या, पुढची प्रत्येक जमवा, दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा. अति मद्यपान आणि तीव्र नैराश्य यांतही कॉर्टिसोल वाढतं, हे लपवू नका.

काही रुग्णांत कॉर्टिसोल काही आठवडे वाढतं आणि मग उतरतं. लक्षणं ठळक असून रिपोर्ट नॉर्मल आला तर फाइल बंद करू नका. त्रास पुन्हा वाढेल तेव्हा त्याच आठवड्यात तपासणी परत करून घ्या.